रामाच्या देवळातली वसईची घंटा

आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि का शिजतंय ते विचारल्यावर. विचारायला मी कधी लाजले नाही. म्हणून गल्लीत माझं नाव अहल्याबाई आकाशवाणी पडलं आहे. आता इंदूरला सरकारने खरीखुरी आकाशवाणी काढली, तरी रामघाटाकडे उतरणाऱ्या या गल्लीच्या बातम्या अजून माझ्याच ओट्यावरून निघतात.

अशा माझ्या नाकाखालून एक बातमी निसटली. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली बाई इस्पितळात वारली, तिला पुरूनही झालं, आणि मला ते कळलं दूधवाल्याकडून. त्या घराचं दूध निम्मं झालं म्हणून. त्या बाईचा नवरा म्हणजे बस्त्याव तुस्कानो. हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

बस्त्याव वसईकडचा. धर्माने ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक, आणि बोलायला लागला की मराठी. एका माणसात एवढं सगळं मावतं हे आमच्या गल्लीला पचायला वेळ लागला. ख्रिस्ती म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एक तर गोरा साहेब, नाही तर नर्सबाई. हा रेल्वेत फिटर. उंच, वाकलेला, पायजम्यावर काळा कोट घालणारा, हाताला सदा ग्रीसचा वास. बायको रेजिना, लाल चौकड्याचं आखूड लुगडं नेसायची आणि अंबाड्यात फूल माळायची. समोरच्या तेलीणबाईने पहिल्या दिवशी तिला मासळीवाली समजून दारातूनच सांगितलं, "बाई, यहाँ कोई नहीं खाता." रेजिना म्हणाली, "मी खाते," आणि आमच्या शेजारचं कुलूप उघडून आत गेली.

त्या घराचा मालक इंदूरला राहायचा. भाडं देईल तो माणूस, एवढीच जात त्याला ठाऊक होती. म्हणून हे जोडपं आमच्यात आलं.

मी त्यांना छळलं नाही असं म्हणणार नाही, पण प्रेमाने छळलं. शुक्रवारी त्यांना मटण वर्ज्य. मासे मात्र चालायचे. हे ऐकून मी त्यांच्या धर्मावर खूशच झाले. आम्ही साबुदाणा खाऊन पित्त वाढवायचं आणि यांनी देवाच्या नावाने बोंबील तळायचे. मी बस्त्यावला म्हटलं होतं, तुमच्या फादरना विचारून आमच्या एकादशीला काही सवलत मिळते का बघा. तो हसायचा, पण उशिरा. माझा विनोद त्याच्याकडे मालगाडीने जात असावा.

तेव्हा आमच्या भागात मिशनवाल्यांच्या चौकशा चालल्या होत्या, समित्या फिरत होत्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्या दिलीपने मला हळूच विचारलं की हा माणूस कुणाला फूस तर लावत नाही ना. मी म्हटलं, लावली की, आमच्या बिजलीला. बिजली आमची मांजर. जन्म ब्राह्मणाच्या घरचा, पण बोंबलाच्या डोक्यांपायी तिने कधीच धर्म सोडला होता. त्यापलीकडे त्या माणसाने इतक्या वर्षांत कुणाला बाटवलं असेल तर मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे झालंच नाही.

एक कोडं मात्र होतं. रेल्वेचं चांगलं पक्कं क्वार्टर सोडून ही माणसं देवळांच्या, भटजींच्या, नारळवाल्यांच्या या गल्लीत कशाला आली?

आमच्या गल्लीच्या टोकाला पोतनिसांचं खासगी राममंदिर आहे. सकाळी पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी आरती, तिन्ही वेळा तिथली घंटा वाजते. ती वाजली की रेजिना हातातलं काम टाकून खिडकीशी उभी राहायची. हात जोडलेले, ओठ हलताहेत. तेलीणबाई विरघळली. "देखो, ईसाई होकर भी रामजी को मानती है." ही वार्ता भय्यासाहेब पोतनिसांपर्यंत गेली आणि रामनवमीला त्यांनी तिच्याकडे सुंठवड्याची पुडी धाडली.

मला काही ते खरं वाटेना. एके दिवशी मी सरळ विचारलं. रेजिना हसता हसता खाली बसली.

"वैनी, मी रामाला नाय, मरियेला हात जोडते. ती घंटा आमची आहे."

मग तिने सांगितलं. वसईकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ चर्चची घंटा होते. देवदूताने मरियेला आणलेला निरोप आठवायची ती वेळ. शेतात असा, विहिरीवर असा, माणूस जागच्या जागी उभा राहतो. उज्जैनला आल्यावर तिला दिवसाला कडाच उरल्या नाहीत असं वाटू लागलं होतं. इथे चर्च नाही. महिन्यातून एकदा इंदूरचे फादर यायचे आणि रेल्वे कॉलनीतल्या एका खोलीत मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, व्हायची. स्वराज्याआधी त्या खोलीत जागा पुरत नसे. मग अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड एकेक करून विलायतेला, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. उरल्या केरळच्या दोन-तीन नर्सबाया, आणि हे दोघं. नर्सबायांची प्रार्थना मल्याळीत, फादरची लॅटिनमध्ये, यांची वसईच्या मराठीत. देव एकच, पण आपसात बोलायची सोय नाही.

अशात एकदा ती घाटाकडच्या बाजारात आली असताना दुपारची घंटा झाली. उज्जैनमध्ये घंटांना तोटा नाही. पण बाकीच्या घंटा टण्ण करून गप्प होतात. ही वाजल्यावर बोलत राहिली. भाजीची पिशवी रस्त्यात ठेवून रेजिना उभी राहिली. पुढच्या रविवारी तिने बस्त्यावला आणलं. फिटरच तो. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, ही ओतणी फिरंग्यांची. महिन्याभरात त्यांनी शेजारची खोली घेतली.

आता भय्यासाहेबांबद्दल सांगायला हवं. भय्यासाहेब पोतनीस म्हणजे आमच्या गल्लीतलं शिल्लक राहिलेलं ग्वाल्हेर. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांची चाकरी. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झालं, तरी यांच्या डोक्यावरची पगडी उतरली नाही. त्यांचा एक पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर वसईच्या मोहिमेत लेखणी घेऊन होता. पोर्तुगीजांचा किल्ला पडल्यावर मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवून देवळांना वाहिल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोतनिसांच्या वाट्याला त्यातली एक आली आणि बैलगाडीवर घालून ती उज्जैनला आणली, असं भय्यासाहेब सांगतात. वाटेत मेलेल्या बैलांचा आकडा दर दसऱ्याला वाढतो. घंटेवर क्रूस आहे. त्याला इतका शेंदूर चढलाय की लांबून मारुती वाटतो. बायका त्याला हळदकुंकू लावतात.

बस्त्यावने ती घंटा देवळाच्या पायरीखालूनच पाहिली होती. खालच्या कडेची फिरंगी अक्षरं त्याने लावली. त्यांच्यात म्हणे नव्या घंटेला पाणी शिंपडून, तेल लावून, लेकराला ठेवतात तसं नाव ठेवतात. हिचं नाव होतं आना. आना म्हणजे मरियेची आई. मी म्हटलं, बघा, लेकीचं सगळं गाव मागे राहिलं आणि आई रामाच्या घरी येऊन राहिली. या खेपेला तो वेळेवर हसला.

छप्पन्न साली होळीच्या आधी रेजिना तापाने गेली. फादर इंदूरला, तेही कुठे दौऱ्यावर. थांबायला वेळ नव्हता. रेल्वेतले चार हमाल, एक नर्सबाई आणि बस्त्याव, एवढ्या माणसांनी तिला गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोचवलं. प्रार्थना त्यानेच म्हटली. गल्लीला कळलं तेव्हा मातीवरची फुलं सुकली होती. आम्ही बायका भेटायला गेलो. तो दारात उभा राहिला, बसा म्हणाला, बसायला एकच खुर्ची होती. त्यांच्यात दहावं-तेरावं असतं की नसतं, डोळ्यांना पाणी लावावं की लावू नये, काही ठाऊक नाही. तेलीणबाई नारळ ठेवून आली.

त्यानंतर भिंतीपलीकडून मला एक ऐकू येऊ लागलं. संध्याकाळी तो माळ घेऊन बसायचा. त्यांची जपमाळ दोघांनी म्हणायची असते. एकाने "नमो मरिये" म्हणून अर्धी प्रार्थना म्हणायची, दुसऱ्याने उरलेली पुरी करायची. इतकी वर्षं सुरुवात बस्त्यावची आणि शेवट रेजिनाचा. आता तो आपला अर्धा भाग म्हणायचा आणि थांबायचा. तिला म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबायचा. मग पुढचा मणी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, विसरला. नंतर लक्षात आलं. आमच्याकडे भाजी फोडणीला टाकताना मी कढईला झाकण ठेवू लागले, आवाज नको म्हणून. बिजलीलाही त्या वेळी मी तिकडे जाऊ देत नसे. ती थांबत नाही, म्याव करते.

नोकरीची त्याची थोडीच वर्षं राहिली होती. वसईला भाऊ होता, वाडी होती, चर्च होतं, घंटा होती. मी म्हटलं, जा की आता आपल्या माणसांत. तो म्हणाला, ती इथे आहे ना.

पितृपक्ष आला तेव्हा आमच्या घरून वाढलेलं पान मी त्याला दिलं. पान बघून त्याने विचारलं, हे कुणाचं. म्हटलं, आमच्या सासऱ्यांचं. त्यावरून गोष्ट निघाली. त्यांच्यातही मेलेल्यांचा एक दिवस असतो, नोव्हेंबरची दोन तारीख. कबरी धुवायच्या, मेणबत्त्या लावायच्या. आणि कोणी वारलं की तिकडे चर्चची घंटा हळू वाजवतात. एक ठोका, तो पुरता विरला की दुसरा. बाईचा ठोका वेगळा, पुरुषाचा वेगळा. ऐकणारा काम सोडून रस्त्यावर येतो आणि विचारतो, कोण गेलं? मग सगळं गाव त्या घराकडे चालू लागतं.

"रेजिनाला घंटा झाली नाय, वैनी," तो म्हणाला. "कुणी विचारलंच नाय, कोण गेलं. ती तशीच गेली."

त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. दोन नोव्हेंबरला आनाने रेजिनासाठी ठोके द्यावेत. एकदाच.

त्याने आधी फादरना विचारलं. फादर जुलियान म्हणून तरुण, शिकलेले गृहस्थ होते. परत येऊन त्याने मला सगळं सांगितलं. म्हणजे मी विचारलं आणि त्याने सांगितलं. फादर म्हणाले की तेल लावलेली घंटा चर्चची, तिची जागा चर्चमध्ये. लुटलेली वस्तू परत करावी, असं पापनिवेदनाला येणाऱ्या साध्या चोरालाही आपण सांगतो. आज ना उद्या उज्जैनला आपलं प्रार्थनाघर होईल, तेव्हा पोतनिसांकडे रीतसर मागणी करावी. बस्त्यावने ऐकून घेतलं. मग म्हणाला की फादर, आमच्या गावी जुनी माणसं सांगतात, फिरंगी आले तेव्हा त्यांनीही देवळं पाडली. समया, घागरी, घंटा, जे तांबं-पितळ मिळालं ते वितळवलं. आनात कुणाच्या देवळाचं तांबं आहे ते आनालाच ठाऊक. परत करायला लागलो तर कुठे थांबायचं? आणि आमचे पणजोबा-खापरपणजोबा, तेही या धर्मात कुणी मनाने आले, कुणी भीतीने आले. पण मी आज मनाने आहे. मला कुणी परत मागू नये.

फादर रागावले नाहीत. म्हणाले की चर्चच्या इतिहासात जे झालं त्याचं ओझं आहेच, ते नाकारणारा माणूस खोटं बोलतो. पण त्या ओझ्याखाली आजचा नियम बुडवता येत नाही. देवळात जाऊन तिथल्या पूजेत भाग घ्यायचा नाही, हा नियम. रस्ता मात्र सरकारचा. तिथे उभं राहून प्रार्थना करायला कुणाची मनाई नाही. आणि एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली की मेलेल्यांना मिस्सा पोचते, घंटा पोचत नाही. घंटा जिवंतांसाठी असते.

"मी म्हटलं, फादर, मी जिवंतच आहे."

एवढं मला सांगून तो कोटाची बटणं लावत बसला.

मग तो भय्यासाहेबांकडे गेला. मी योगायोगाने देवळात वाती ठेवायला गेले होते. योगायोग मी जरा जमवून आणते. बस्त्याव पायरीखाली उभा, भय्यासाहेब वर. घंटा हा शब्द कानी पडताच भय्यासाहेबांची पगडी हलली. त्यांना वाटलं, मिशनवाल्यांनी मागणी धाडली. जिंकून आणलेली वस्तू आहे, दोनशे वर्षांची वहिवाट आहे, कोर्टात जा, असं त्यांनी एका दमात ऐकवलं.

बस्त्याव म्हणाला, "नको मला ती. इथेच राहू दे. फक्त एक दिवस आमच्या रीतीने वाजवा."

भय्यासाहेबांनी रीत विचारली, दिवस विचारला. मग भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या साली दोन नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं.

"अहो, लक्ष्मी घरी येते त्या दिवशी मी मरणाचा ठोका देऊ? दुसरा दिवस घ्या."

"मेलेल्यांचा दिवस मी कसा हलवू, भय्यासाहेब?"

"मग लक्ष्मी मी कशी हलवू?"

दोघांचंही बरोबर होतं. बस्त्यावने मान हलवली, नमस्कार केला आणि निघून गेला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. जाताना त्याने आनाकडे एकदा पाहिलं तेवढंच. त्या संध्याकाळी त्याची माळ ऐकू आली नाही, आणि पुढेही नाही. भिंत गप्प झाली. मी बिजलीला मुद्दाम सोडलं, तर ती परत आली. बोंबील तळले गेले नव्हते.

तो आठवडाभर असाच होता. ड्यूटीला जायचा, यायचा, दार लावायचा. गल्लीत दिवाळीची लगबग, चिवड्याचे वास, चुन्याच्या बादल्या. त्याच्या दाराला काही नाही. मी फराळाचं ताट नेऊन दिलं. त्याने ते खिडकीत ठेवलं, रेजिना उभी राहायची त्या खिडकीत, आणि दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होतं. करंजीला मुंग्या लागल्या होत्या.

मग एक नोव्हेंबर उजाडला. अंगाला उटणं लावून आम्ही न्हालो आणि मध्यभारत संपलं. आमचं राज्य एका आंघोळीत मध्यप्रदेश झालं, राजधानी भोपाळला. चौकात कुणी लाडू वाटले, कुणी शिव्या दिल्या. मी नैवेद्याच्या वेळी देवळात गेले, तर भय्यासाहेब एकटेच बसलेले. पगडी मांडीवर. आधी ग्वाल्हेर गेलं, आता हेही गेलं, म्हणाले. आजोबांच्या हातची दरबारची कागदपत्रं आता भोपाळात कोण वाचणार? सकाळपासून कुणी भेटायलासुद्धा आलं नाही, सगळे फटाके आणायला गेले.

माझ्या जिभेला हाड नाही हे त्या वेळी उपयोगी पडलं.

"बघा ना भय्यासाहेब," मी म्हटलं, "एवढं मोठं राज्य गेलं आणि साधा ठोकासुद्धा झाला नाही. कुणी विचारलं तरी का, कोण गेलं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कशाबद्दल बोलतेय ते त्यांना कळलं आणि कळलं हे त्यांना आवडलं नाही.

मी पुढे रेटलं. म्हटलं, उद्या अमावास्या. अमावास्या कुणाची? पितरांची. लक्ष्मी तर दिवेलागणीला यायची. आपल्याकडेही त्या दिवशी दुपारी पितरांचं श्राद्ध सांगितलंय की नाही? भय्यासाहेब शास्त्र जाणणारे. नाही कसं म्हणतील? बराच वेळ ते पगडीच्या झिरमिळ्या चाचपत राहिले.

"दुपारपर्यंत पितरांचं," शेवटी म्हणाले. "पण त्यांनी आत यायचं नाही."

"त्यांच्या फादरनीही हेच सांगितलंय," मी म्हटलं. "तुम्ही दोघं भेटलात तर फार जमेल."

बस्त्यावला सांगायला मी भिंतीवर लाटण्याने ठोकलं. त्याने दार उघडलं. मी सांगितलं. त्याने आत जाऊन खिडकीतलं मुंग्यांचं ताट उचललं, धुतलं आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर तो काळा कोट घालून देवळासमोर रस्त्यावर येऊन उभा राहिला. हातात मेणबत्त्यांची पुडी. भय्यासाहेब सोवळ्यात, घंटेची दोरी धरून. त्यांनी ठोका दिला आणि हाताच्या सवयीने लगेच दुसरा, तिसरा. आरतीच झाली ती. बस्त्यावने रस्त्यावरून हात वर केला. भय्यासाहेब थांबले. त्याने तळहात हवेत तसाच धरला, आवाज विरत गेला, अगदी संपला, आणखी थोडा थांबला, आणि मग हात खाली आणला. भय्यासाहेबांनी एक ठोका दिला. पुन्हा तळहात वर.

मी जन्मापासून ती घंटा ऐकतेय. ती किती वेळ बोलते हे मला त्या दुपारी कळलं. कुणी तिला कधी पुरतं बोलूच दिलं नव्हतं.

आणि मग जे झालं ते आमच्या कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. गल्लीला ही रीत कुठे ठाऊक? ऐन सणाच्या दुपारी रामाची घंटा अशी अडखळत वाजतेय म्हटल्यावर लोक घाबरले. भय्यासाहेबांना काही झालं की काय, अशी पहिली शंका. तेलीणबाई रांगोळीने माखलेल्या हातांनी धावत आली. दिलीप पानाला चुना लावता लावता तसाच आला. घाटावरचे दोन पंडे आले, नारळवाला आला, झाडू हातात घेतलेल्या सुना आल्या. बघता बघता देवळासमोर सगळी गल्ली उभी, आणि दिलीपने मोठ्याने विचारलं,

"कौन गया?"

बस्त्यावचा हात हवेतच राहिला. त्याने त्या सगळ्यांकडे पाहिलं. विचारलंय ते त्याला विचारलंय, हे कळायला त्याला वेळ लागला.

"मेरी घरवाली," तो म्हणाला. "रेजिना."

कुणी हसलं नाही. तेलीणबाईने रांगोळीचे हात जोडले. एका पंड्याने, तो नवीनच होता, हळू विचारलं की कधी. होळीच्या आधी, असं सांगितल्यावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तेलीणबाई म्हणाली, "भैया, हमको उसी दिन बताया क्यों नहीं?"

"घंटी नहीं थी," बस्त्याव म्हणाला.

भय्यासाहेबांनी आतून आणखी एक ठोका दिला, न सांगता. तो विरेपर्यंत सगळे उभे राहिले. त्यानंतर कुणाच्या तरी घरातून करपल्याचा वास आला, कुणाचं लेकरू रडू लागलं, आणि मंडळी एकेक करून घरोघर परतली. सण होता. दिवे पुसायचे होते, पूजा मांडायची होती. नदीपलीकडे कबरीपर्यंत चालत जायला कुणाला फुरसत असणार? आणि अमावास्येला तिकडे कोण जातं?

तो एकटाच निघाला. बिजली कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेली. पुडीत बोंबील नाहीत हे कळल्यावर दिलीपच्या दुकानाखाली बसून राहिली. मी ओट्यावरून बघत होते. काळा कोट घाटाच्या उतारावरून खाली खाली जात दिसेनासा झाला.

दिवेलागणीला तो परत आला. गल्ली पणत्यांनी भरलेली, त्याचं एक दार अंधारात. मी काही त्याला पणती नेऊन दिली नाही. त्याने ती मागितली नव्हती आणि त्याच्या मेणबत्त्या त्याने जिथे लावायच्या तिथे लावल्या होत्या. फटाक्यांच्या आवाजात भिंतीला कान लावला, तर माळ सुरू होती. आपला अर्धा भाग, मग थांबणं. मग पुढचा मणी.

याला आता तीन दिवाळ्या झाल्या. बस्त्याव रिटायर झाला, वसईला गेला नाही. मिस्सेच्या खोलीत आता दोनच नर्सबाया येतात. वसईहून भावाचा बोलावणारा निरोप येणंही थांबलं. गल्ली त्याच्याशी पूर्वीइतकंच बोलते, म्हणजे थोडंच. भेट झाली की तेलीणबाई मात्र "रेजिनाबाई" असं नाव घेऊन दोन शब्द बोलते. पूर्वी तिला ते नाव ठाऊक नव्हतं.

भय्यासाहेबांना एक खोड लागली आहे. नैवेद्याची घंटा झाली की शेवटी ते एकच ठोका देतात आणि तो पुरता संपेपर्यंत दोरी धरून उभे राहतात. मी एकदा चिडवलं, कशाला थांबता, नैवेद्य निवतो रामाचा. "घंटा जुनी आहे, अहल्यावहिनी," ते म्हणाले. "दम लागतो तिला."

त्या वेळी भिंतीपलीकडे बस्त्याव खिडकीशी उभा असतो, रेजिना उभी राहायची तसा. तिकडे ते थांबलेले, इकडे हा थांबलेला, आणि मी मधल्या ओट्यावर. दिवसातून तेवढीच एक वेळ गल्लीची आकाशवाणी बंद असते.